एअरबॅगची लाइट आणि मधेच मुका होणारा हॉर्न

प्रश्न तासगावहून आलाय. थोडक्यात असा: 2012 सालची पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, पुढे दोन एअरबॅग. महिनाभरापासून मीटरमध्ये एअरबॅगची लाइट लागून राहते. सुरुवातीला लागायची, विझायची, आता कायमचीच. ओळखीच्या एकाने सांगितलंय, "पाचशे द्या, लाइट बंद करून देतो." घरात लहान मुलगी आहे, म्हणून गाडी चालवताना एअरबॅग आपोआप फुटेल का, ही धास्ती. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय की हॉर्नही मधेमधे वाजत नाही, दोनदा बदलून झाला.

आधी धास्तीचं उत्तर. लाइट लागली म्हणून एअरबॅग चालता चालता फुटत नाही. ती उघडायची तर गिअरच्या पुढे, कन्सोलखाली बसलेल्या कंट्रोल युनिटला जोराची धडक जाणवावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत एका सेन्सरच्या सांगण्यावर ते विश्वास ठेवत नाही, दुसऱ्यानेही दुजोरा द्यावा लागतो. धोका उलट बाजूचा आहे. लाइट लागली याचा अर्थ युनिटला स्वतःच्याच सर्किटमध्ये खोट सापडली आहे, आणि उद्या खरंच धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची खात्री ते देत नाही. बऱ्याच गाड्यांत तर अशा वेळी सगळी सिस्टिमच बंद ठेवली जाते. नुसती स्टिअरिंगची नव्हे, शेजारच्या सीटची एअरबॅगही आणि धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारे टेन्शनरही. म्हणजे आज तुम्ही विनाएअरबॅगची गाडी चालवताय असं धरूनच चाला.

आता हॉर्नकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

सांगलीत विश्रामबागेकडच्या रस्त्यावर मी सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. एअरबॅगची लाइट घेऊन कोणी आला की पहिला प्रश्न विचारतो, "हॉर्न वाजतो का?" गिऱ्हाइकाला वाटतं, याने ऐकलंच नाही. पण स्टिअरिंग फिरतं आणि त्यावरची एअरबॅग, हॉर्नचं बटण, टेपची (म्युझिक सिस्टिमची) बटणं त्याच्यासोबत फिरतात. साधी वायर टाकली तर चार वळणांत पिळून तुटेल. म्हणून स्टिअरिंगच्या मागे एक चपटी, गोल, प्लास्टिकची डबी असते. तिच्यात फिल्मसारखी पातळ पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि स्टिअरिंगबरोबर ती सैल होते, आवळते. हिला आम्ही क्लॉक स्प्रिंग म्हणतो, काही कंपन्यांच्या यादीत ती स्पायरल केबल म्हणून असते. एअरबॅगच्या दोन तारा आणि हॉर्नची तार याच पट्टीतून जातात. दहा-बारा वर्षं डावीकडे-उजवीकडे वळून वळून पट्टी एका जागी चिरते. सरळ रस्त्यावर कॉन्टॅक्ट मिळतो, वळणावर सुटतो. म्हणून आधी लाइट येते-जाते, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत लाइट कायमची लागून राहते, हॉर्न कायमचा जातो. तुमचा हॉर्न दोनदा बदलला गेला, पण हॉर्न खराब नव्हताच. त्याच्यापर्यंत बटणाचा निरोप पोचत नव्हता.

घरी एक साधी परीक्षा करून बघा. गाडी मोकळ्या जागी लावा, इंजिन चालू ठेवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा आणि फिरवताना हॉर्न दाबून ठेवा. आवाज एखाद्या ठरावीक कोनात तुटला आणि पुढे परत आला, तर क्लॉक स्प्रिंग गेली असं जवळजवळ धरून चालायला हरकत नाही. स्टिअरिंगच्या आतून कागद चुरगाळल्यासारखा आवाज येत असेल तर शंकाच नको. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

तरी "जवळजवळ" म्हणतो, कारण अंदाजावर पार्ट बदलायचा नसतो. युनिटने नोंदवून ठेवलेला खोटीचा कोड वाचायला हवा.

युनिट खोट कशी ओळखतं ते समजलं की कोडचा अर्थ आपोआप कळतो. एअरबॅगच्या आत काडेपेटीच्या गुलासारखा एक छोटा पेटता भाग असतो. त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण दोन ओहम. चावी ऑन केली की युनिट प्रत्येक सर्किटमधून अगदी किरकोळ करंट सोडतं, पेटवण्यासाठी नव्हे, फक्त दोन ओहम जागेवर आहेत का हे बघण्यासाठी. गाडी चालू असेपर्यंत ही तपासणी सुरूच असते. दोनाच्या जागी फार जास्त दिसलं तर तार तुटली, पिना गंजल्या किंवा सॉकेट सुटलं. फार कमी दिसलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. याशिवाय तार बॉडीला लागली किंवा बॅटरीच्या लाइनला लागली, याचे वेगळे कोड असतात. म्हणजे युनिट तुम्हाला सर्किटचं नाव सांगतं आणि खोटीचा प्रकार सांगतं. पार्टचं नाव सांगत नाही. "ड्रायव्हर एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त" असा कोड आला की पुष्कळ जण एअरबॅगच महागडी बदलायला सांगतात. एअरबॅग स्वतः खराब निघाल्याच्या केसेस मी बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्यात. युनिटपासून बॅगपर्यंत सॉकेटं आहेत, क्लॉक स्प्रिंग आहे, वायरिंग आहे, आणि खोट बहुतेक वेळा याच वाटेवर कुठेतरी असते.

ऑनलाइन मिळणारं ते हजार रुपयांच्या आतलं ब्लूटूथचं छोटं यंत्र मात्र इथे बहुधा कामाचं नाही. ते इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड दाखवतं. एअरबॅगचे कोड बी अक्षराचे, आणि ते वाचायला एअरबॅग सिस्टिममध्ये शिरू शकणारा स्कॅनर लागतो. "इंजिनमध्ये काही कोड नाही, म्हणजे गाडी ठीक आहे," असं ऐकून घरी गेलेली माणसं माझ्याकडे येतात. स्कॅन करून घेताना दोन गोष्टी मागून घ्या: स्क्रीनचा फोटो, आणि कोड आत्ता चालू आहे की जुना साठवलेला आहे ते. जुना कोड पुसला की जातो. चालू कोड पुसला तर लगेच परत येतो, आणि तो परत येतो यातच खोट जिवंत असल्याचा पुरावा आहे. कोड पुसून, लाइट विझवून, पैसे घेऊन तुम्हाला मिरजेच्या अलीकडेच परत लाइट लागेपर्यंत पाठवून देणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

स्कॅनरच्याही आधी बॅटरी बघा. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान मिळालं पाहिजे. बॅटरी म्हातारी झाली असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की युनिट कमी व्होल्टेजचा कोड धरून बसतं. अशी गाडी आली तर काम दहा मिनिटांचं: बॅटरी बदला, टर्मिनल घासा, कोड पुसा. एअरबॅगचा फ्यूजही याच वेळी बघून घ्यायचा.

आता ज्या कारणासाठी हे सगळं इतकं लांबवून लिहितोय, ते.

एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर लावू नका, आणि टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. आमच्या धंद्यात टेस्ट लॅम्प म्हणजे बरेचदा इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. त्यातून पावणेदोन अँपिअर करंट जातो. एअरबॅग पेटायला साधारण सव्वा अँपिअर पुरतो, तोही सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता. पंधराएक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या गॅरेजमध्ये मी पार्ट आणायला गेलो होतो. तिथल्या पोराने स्टिअरिंगची एअरबॅग काढून टेबलावर पालथी ठेवली होती, चकचकीत बाजू खाली, आणि मागच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प घातला. आवाज इतका मोठा की रस्त्यावरची माणसं थांबली. बॅग खाली उघडली आणि आतलं लोखंडी भांडं उसळून पत्र्याच्या छताला लागलं. पोराचं मनगट भाजलं, आणि मला दोन दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. ते भांडं त्याच्या हनुवटीला लागलं असतं तर मी आज ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असतो. त्या दिवसापासून माझ्याकडच्या पोरांना एकच नियम आहे: पिवळं सॉकेट दिसलं की हात मागे आणि मला हाक.

पिवळं म्हणतो, कारण बहुतेक सगळ्या कंपन्यांनी एअरबॅगचं सॉकेट, आणि पुष्कळांनी वायरवरची नळीही, पिवळी ठेवली आहे. ती खूण मेकॅनिकसाठीच आहे.

काम करायचं तर क्रम ठरलेला. चावी काढा, बॅटरीची मायनस सोडवा, केबल बाजूला बांधून ठेवा आणि थांबा. युनिटमध्ये कपॅसिटर असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तो थोडा वेळ करंट साठवून ठेवतो. कुठली कंपनी दीड मिनिट सांगते, कुठली तीन, मी दहा मिनिटं थांबतो. तोवर चहा येतो. मग स्टिअरिंगच्या मागच्या बाजूने स्क्रू किंवा क्लिपा सोडवून बॅग उचलायची. सॉकेटवर एक छोटी कुलपाची पट्टी असते. ती आधी उचलायची, मग सॉकेट सरळ ओढायचं. वायर धरून नाही. सॉकेट सुटलं की आतली एक पितळी पट्टी बॅगेकडच्या दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडते, म्हणजे हाताच्या स्थिर विजेनेही काही होऊ नये. बॅग उचलताना झाकणाची बाजू अंगापासून दूर, आणि ठेवताना झाकण वर. कधीच पालथी नाही. उन्हात नाही, वेल्डिंगजवळ नाही.

बॅग चांगली की वाईट हे तपासायला मी तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावतो. बॅग बाजूला ठेवलेली, तिच्या सॉकेटमध्ये रेझिस्टर, बॅटरी जोडून कोड पुसायचा आणि परत वाचायचा. कोड गेला तर खोट बॅगेत. कोड तसाच राहिला तर खोट क्लॉक स्प्रिंगमध्ये किंवा त्याच्या खालच्या वायरिंगमध्ये. मग परत बॅटरी सोडवून, परत थांबून, तोच रेझिस्टर क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या सॉकेटवर लावायचा. आता कोड गेला तर दोषी क्लॉक स्प्रिंग. अशी दोन पायऱ्यांत खोट पकडता येते, आणि बॅगेला मीटर लावायची वेळ येत नाही. काम संपलं की रेझिस्टर परत माझ्या डब्यात गेला पाहिजे. या वाक्याकडे खाली परत येणार आहे.

क्लॉक स्प्रिंग बदलणं अवघड नाही, पण त्यात एक चूक सगळे करतात. आधी टायर सरळ करून ठेवायचे. स्टिअरिंगचा नट काढण्याआधी शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर खूण करायची. नट पूर्ण न काढता चार आटे अडकवून ठेवायचा आणि मग स्टिअरिंग हलवून सैल करायचं, नाहीतर ते एकदम सुटून तोंडावर येतं. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक होऊन येते, तिच्यावर पिन किंवा स्टिकर असतो. तो स्टिअरिंग बसवायच्या वेळेपर्यंत काढायचा नाही. पिन आधीच निघाली असेल तर डबी अगदी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवायची, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजायचे आणि अर्धे फेरे मागे यायचं. सहसा पाचेक फेरे भरतात, म्हणजे अडीच मागे. मध्य चुकला तर गाडी सरळ छान चालते, हॉर्न वाजतो, लाइट नसते, आणि पहिल्यांदा पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेतलं की आत "कट्" असा आवाज येऊन नवी पट्टी तुटते. मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट, आणि दुकानदार म्हणतो मेकॅनिक कच्चा.

म्हणूनच मी दर वेळी विचारतो: अलीकडे स्टिअरिंगचं किंवा रॅकचं (स्टिअरिंगचं वळण टायरपर्यंत नेणाऱ्या खालच्या भागाचं) काम झालंय का? खालून रॅक सोडवलेला असताना वर कोणी स्टिअरिंग मोकळं फिरवलं तर क्लॉक स्प्रिंग तिथेच मरते. तुमच्याही गाडीला मागच्या दोन-चार महिन्यांत असं काही झालं असेल तर आठवून बघा.

पार्ट चेसिस नंबर देऊन कंपनीच्या काउंटरवरून घ्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये सॉकेटच्या तारा वेगळ्या असतात. स्वस्तातल्या काही स्प्रिंगांचा स्वतःचाच रेझिस्टन्स जास्त असतो, आणि दोन ओहम मोजणाऱ्या सर्किटमध्ये एक ओहमचा फरकही युनिटला खटकतो. भंगारातून काढलेली जुनी स्प्रिंग तर घेऊच नका. ती किती वळणं फिरून आलीय कोण सांगणार? सगळं हाताशी असलं तर काम दीड तासाचं.

स्कॅनमध्ये ड्रायव्हरऐवजी दुसऱ्याच सर्किटचं नाव आलं तर? तुमच्या गाडीत दोनच एअरबॅग आहेत, म्हणजे सीटमध्ये साइड एअरबॅग नाही. सीटखालचं पिवळं सॉकेट हलवून लाइट घालवायचे जे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते साइड एअरबॅगवाल्या गाड्यांसाठी आहेत. त्या गाड्यांत मात्र ते खरोखर पहिलं बघायचं ठिकाण आहे, कारण सीट मागेपुढे करताना तिथली वायर ताणली जाते आणि गाडी आतून धुताना पाणी नेमकं तिथेच जातं. तुमच्या गाडीत बघायच्या जागा म्हणजे ग्लोव्हबॉक्सच्या वरची शेजारच्या सीटची एअरबॅग, दोन्ही मधल्या खांबांच्या तळाशी बेल्टचे टेन्शनर, आणि युनिट स्वतः. पाय ठेवायच्या जागेवरचं पाणी खांबाच्या तळातल्या सॉकेटपर्यंत पोचतं, हे पावसाळ्यात विसरू नका.

ग्लोव्हबॉक्सवरून एक गाडी आठवते, तुमच्याच बाजूची. बेदाण्याचा व्यापारी, मार्केट यार्डात सौद्याला यायचा, सॅम्पलचे बॉक्स मागच्या सीटवर. कोड होता "पॅसेंजर एअरबॅग, रेझिस्टन्स कमी." मी ग्लोव्हबॉक्स उतरवला आणि एसीच्या फिल्टरचं झाकण उघडलं, तर आत मूठभर बेदाणा, फाटलेल्या कापसाचं घरटं आणि वर पिवळी नळी बोटभर कुरतडलेली. दोन्ही तारांचं तांबं उघडं पडून एकमेकाला टेकलेलं. उंदीर बाहेरच्या हवेच्या वाटेने येत होता. त्या माणसाने विचारलं, "टेप मारली तर चालंल न्हवं?" नाही चालत. हॉर्नच्या, लाइटच्या वायरीला मी जोड देतो. एअरबॅगच्या वायरीला बहुतेक कंपन्या जोड द्यायला मनाई करतात, वायरिंगचा तो तुकडाच बदलायला सांगतात, आणि मीही तेच करतो. दहा वर्षांनी एकदाच, एका क्षणासाठी त्या तारेतून करंट जायचाय. टेपेखाली हिरवा गंज चढला असेल तर त्या क्षणी दुसरी संधी नसते. त्या गाडीला वायरिंग बदललं, हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, आणि सॅम्पलचे बॉक्स घट्ट झाकणाचे घ्यायला सांगितले.

"रेझिस्टन्स कमी" आल्यावर आणखी एक गोष्ट तपासा, ती फुकटची आहे. सॉकेट अर्धवट बसलं असेल तर ती आतली पितळी पट्टी पिनांपासून सुटतच नाही आणि युनिटला शॉर्ट दिसतो. बसताना "टक्" आवाज आला पाहिजे आणि कुलूपपट्टी सपाट बसली पाहिजे. नवी म्युझिक सिस्टिम बसवल्यावर किंवा डॅशबोर्ड उतरवल्यावर लाइट लागली असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. पिना मळकट असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. गंजाचा तेलकट स्प्रे किंवा पॉलिशपेपर नको, पिनांवरचा मुलामा निघतो.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण सेकंडहँड म्हटल्यावर सांगितलंच पाहिजे असं. आपल्या भागात 2005, 2019 आणि 2021 चा पूर सगळ्यांनी पाहिलाय. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 असताना. कितीतरी गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. एअरबॅगचं युनिट गाडीच्या फरशीवर, अगदी मधोमध आणि अगदी खाली बसतं. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी ते भिजतं. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून लांबच्या तालुक्यांत आणि बाहेरच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. भिजलेलं युनिट वाळवून काही दिवस चालतं, मग पिनांवर हिरवं धरतं आणि एकदम चार-पाच वेगवेगळ्या सर्किटचे कोड येतात. एकाच वेळी असे अनेक कोड आले तर वायरिंग शोधत बसू नका, आधी युनिटचं सॉकेट उघडून बघा. आणि गाडी पुरातली आहे का ते बघायचं तर पुढचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज बाहेर न येणारा तो तळातला हातभर भाग कोणी धूत नाही. तिथे गाळाची आडवी रेघ असते. भिजलेलं युनिट बदलायचंच असतं, आणि तेही पार्ट नंबर तंतोतंत जुळवून.

अशीच एक पांढरी सेडान माझ्याकडे नुसत्या सर्व्हिसिंगला आली होती. एअरबॅगची लाइट चावी ऑन केल्यावर लागायची, पाच-सहा सेकंदांनी विझायची, सगळं शिस्तीत. मालकाने टेपची बटणं चालत नाहीत म्हणून स्टिअरिंग उघडायला सांगितलं. झाकण हातात आलं ते इतकं हलकं की मी दचकलो. आत बॅगच नव्हती. पिवळ्या सॉकेटमध्ये एक रेझिस्टर खुपसून वर काळी टेप गुंडाळलेली. शेजारच्या सीटकडेही तेच. गाडी कधीतरी मोठ्या अपघातातून आलेली, बॅगा फुटलेल्या, कोणीतरी झाकणं चिकटवून रेझिस्टर लावून युनिटला फसवलेलं. मालक त्या गाडीतून बायको-मुलांना घेऊन चार वर्षं पुण्याला जात-येत होता. त्याला सांगताना मला शब्द सापडत नव्हते. म्हणून वर म्हटलं, तो रेझिस्टर तपासणीपुरता असतो आणि तो माझ्या डब्यात परत यायलाच हवा.

तुम्हाला पाचशे रुपयांत जे मिळणार आहे ते याच जातीचं काम आहे. तो एकतर रेझिस्टर लावेल, नाहीतर मीटरमधल्या एअरबॅगच्या दिव्याची वायर चार्जिंगच्या दिव्याला जोडेल, म्हणजे दोघं एकत्र लागतील, एकत्र विझतील. बघणाऱ्याला वाटेल सगळं ठीक. गाडी पुढे तुम्ही विकलीत तर घेणाऱ्यालाही तेच वाटेल. माझ्याकडेही लोक येतात, "अण्णा, लाइटच तेवढी बंद करून द्या की." मी करत नाही, आणि का करत नाही ते समजावायला वेळ काढतो. लाइट बिघाड नाही. एवढ्या मोठ्या सिस्टिममध्ये खरं बोलणारी ती एकच गोष्ट आहे.

यावरून तुमचीही गाडी एकदा तपासून घ्या. तुमची लाइट लागते, म्हणजे निदान ती मीटरमधून काढून टाकलेली नाही. जुनी गाडी घेताना चावी ऑन केल्यावर एअरबॅगची लाइट लागलीच नाही, तर ती लागून राहण्यापेक्षा वाईट खूण समजा.

एक गोष्ट मात्र लाइट सांगत नाही, कारण ती फक्त तारा मोजते, आतलं रसायन नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ते बिघडायचं, आणि बॅग उघडताना आतलं धातूचं भांडंच फुटून तुकडे माणसांना लागायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, सिव्हिक अशा जुन्या गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. तुमची गाडी कुठल्याही कंपनीची असो, 2012 ची आहे, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. बाकी असेल तर ते काम कंपनी फुकट करते. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाला गेलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

काम होईपर्यंत काय? बेल्ट लावूनच चालवा, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा. टेन्शनर बंद असला तरी बेल्टचं साधं लॉक यंत्राचं असतं, ते चालतं. आणि मुलीला पुढे बसवू नका, मांडीवर तर नाहीच. हे दुरुस्तीनंतरही लागू आहे. एअरबॅग पापणी लवायच्या आत पूर्ण फुगते, आणि तिचा तो वेग बेल्ट लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी ठरवलेला असतो. मांडीवरचं मूल नेमकं तिच्या वाटेत असतं. पुढे लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर तोही उतरवा. केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्ये असे गार्ड बेकायदा ठरवले, आणि ते धडकेचा झटका सेन्सरपर्यंत पोचायची वेळच बदलून टाकतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज हॉर्न दाबून स्टिअरिंग फिरवायची परीक्षा करा. उद्या बॅटरी मोजून घ्या आणि एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड काढा, तासगावात नसेल तर सांगली किंवा मिरजेत सहज होईल. "ड्रायव्हर" आणि "रेझिस्टन्स जास्त" असे शब्द दिसले आणि हॉर्न वळणावर तुटत असेल, तर क्लॉक स्प्रिंग बदला. काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. मेकॅनिकसमोर चावी ऑन करा आणि लाइट लागते का, पाच-सात सेकंदांनी विझते का, ते मोजा. मग गाडी बाहेर काढून दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवा, पाच-सहा वेळा, हॉर्न वाजवत. एखाद्या खराब रस्त्यावरून किलोमीटरभर चक्कर मारा, परत या आणि पुन्हा स्कॅन करायला सांगा. कोड शून्य दिसला की जुनी क्लॉक स्प्रिंग मागून घ्या आणि डबी उघडून पट्टी बघा. चिरलेली जागा डोळ्यांनी दिसते.